लेकीचे नाव

(मनुष्याचे नाव हे केवळ हाक मारण्याचे साधन नव्हे. ते ठेवणाऱ्या समाजाच्या आशा, भीती व समजुती त्यात साठविलेल्या असतात. मुलींच्या काही नावांच्या आधारे लेखकाने हा विचार प्रस्तुत पाठात मांडला आहे.)

बाळाच्या बारशाला आत्या त्याच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगते आणि जमलेल्या बायका तिच्या पाठीवर थापा मारतात. हसण्याखिदळण्यात समारंभ पार पडतो. पण त्या एका क्षणी बाळाच्या पदरात जन्मभराचा एक शब्द पडलेला असतो. तो शब्द बाळाने निवडलेला नसतो. म्हणून नावावरून बाळाची नव्हे, तर ते ठेवणाऱ्यांच्या मनाची ओळख पटते.

आफ्रिका खंडातील दक्षिण सुदान या देशात, पांढऱ्या नाईल नदीच्या खोऱ्यात, दिंका नावाचे लोक राहतात. गोधन हेच त्यांचे मुख्य धन. गाईबैलांच्या रंगछटांना त्यांच्या भाषेत निरनिराळे शब्द आहेत आणि त्याच शब्दांवरून ते मुलांची नावे ठेवतात. 'यार' हे मुलीचे नाव पांढऱ्या गाईच्या रंगावरून आलेले आहे. पावसाशी निगडित असलेल्या 'देंग' या दैवताची कन्या ती 'न्यानदेंग'. एखादे मूल दगावल्यावर जन्मलेल्या मुलीला 'अचोल' म्हणतात. गेलेल्या बाळाची उणीव भरून काढण्यासाठी ती आली, असा भाव त्या नावात आहे. तिला हाक मारताना तिच्या न पाहिलेल्या भावंडाचेही स्मरण होते.

आपल्याकडे गुरांच्या रंगांऐवजी नद्या आल्या. गोदा, कृष्णा, भीमा, यमुना ही नावे घरोघरी ऐकू येत. अचोलच्या आईचे दुःखही महाराष्ट्राला अपरिचित नाही. ज्या घरी मुले जगत नसत, तेथे नव्या बाळाचे नाव दगडू, धोंडू किंवा धोंडी असे ठेवीत. दगडधोंड्याला कोण दृष्ट लावणार, असा त्या भाबड्या मातापित्यांचा हिशेब असे. नाव ओबडधोबड खरे. पण ते मायेने पांघरूण घालावे तसे घातलेले असे.

परंतु सर्वच ओबडधोबड नावांमागे माया नसते. सातारा जिल्ह्यात व आसपासच्या भागात 'नकुशी' हे नाव आढळत असे. नकुशी म्हणजे नको असलेली. मुलीच्या पाठीवर मुलगी झाली, की तिला हे नाव देत. असे केल्याने पुढचे अपत्य मुलगा होईल, अशी समजूत होती. हुंड्याची धास्ती आणि वंशाच्या दिव्याचा हव्यास या दोहोंनी मिळून हा शब्द घडविला. तो घरातच राहिला नाही. शाळेच्या पटावरही चढला. हजेरी घेताना शिक्षकाने 'नकुशी' म्हणून पुकारावे आणि त्या लेकराने उभे राहून 'हजर' म्हणावे! आपण कोणाला नको आहोत, हे तिने रोज चारचौघांत स्वतःच्याच तोंडाने कबूल करावे, याहून मोठी शिक्षा कोणती? आणि तीही कोणत्या अपराधाबद्दल?

ही वृत्ती केवळ नावापुरती नव्हती. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २०११ च्या जनगणनेत त्या ८९४ च भरल्या. ज्यांना नावही मिळाले नाही, अशा मुलींची कथा या आकड्यांत आहे. त्याच वर्षी, २२ ऑक्टोबर रोजी, सातारा येथे एक आगळे बारसे झाले. सुमारे २८५ मुलींनी आपले जुने नाव टाकून स्वतःच्या पसंतीचे नाव घेतले. आत्याने कानात सांगितलेले नव्हे, तर स्वतः निवडलेले नाव! त्या नावाची प्रमाणपत्रे त्यांच्या हाती देण्यात आली.

मात्र नाव पालटले म्हणजे सारे पालटले, असे समजू नये. आमच्या डोंबिवलीस लागून असलेल्या कल्याण येथे १८६५ साली यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचा विवाह झाला आणि सासरी ती आनंदी झाली. दोन्ही नावे इतरांनी दिलेली. चौदाव्या वर्षी तिने आपले दहा दिवसांचे बाळ गमावले. त्या दुःखातून तिने वैद्यक शिकण्याचा निश्चय केला. १८८३ साली ती अमेरिकेस गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, क्षयाने तिचा अंत झाला. आज शुक्र ग्रहावरील एका विवराला तिच्या आडनावाने 'जोशी' असे म्हणतात.

नाव इतरांनी द्यावे आणि त्यात अर्थ आपण भरावा, हे आनंदीबाईंनी दाखविले. पण म्हणून नाव देणाऱ्यांची जबाबदारी सुटत नाही. आनंदीबाईंना अर्थ भरण्यासाठी निदान रिकामे भांडे तरी मिळाले होते. नकुशीच्या भांड्यात आधीच विष कालविलेले होते. लेकीला सुंदर नाव देता आले नाही तरी चालेल. 'तू आम्हांस हवी आहेस' एवढे त्या नावातून तिला ऐकू आले पाहिजे.

अभ्यास

१. दिंका लोकांतील मुलींच्या नावांतून त्यांच्या जीवनाविषयी कोणती माहिती मिळते?
२. 'धोंडी' व 'नकुशी' या नावांमागील भावनांत कोणता फरक आहे?
३. 'नकुशीच्या भांड्यात आधीच विष कालविलेले होते' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : पदरात पडणे, दृष्ट लावणे, पांघरूण घालणे.
५. तुमच्या आजीचे माहेरचे व सासरचे नाव विचारा. ती नावे कोणी व का ठेवली, ते दहा ओळींत लिहा.