बिनतारी मॉडेम : जोडणी आणि जपणूक

ज्या घरापर्यंत तार पोंचलेली नाहीं त्या घरांत संगणक आला म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, त्यास जगाशीं जोडावें कसें ? आमच्या शाळेंत येणाऱ्या मुलांपैकीं कित्येकांचीं घरें हमरस्त्यापासून दूर, वाड्यावस्त्यांवर आहेत. फायबरची तार तेथें आज ना उद्यां जाईल. परंतु दहावीची परीक्षा तिची वाट पाहत थांबणार नाहीं. २०२० सालच्या मार्चमध्यें शाळा बंद झाल्या तेव्हां अनेक पालकांनीं घाईघाईनें 'डोंगल' या नांवानें बाजारांत मिळणारी बोटभर लांबीची वस्तु घरीं आणली. कांहींच्या घरीं ती आज कपाटांत पडून आहे, कांहींच्या घरीं रोज चालते. परंतु ती काय करते, आणि तिच्याबरोबर घरांत आणखी काय काय येतें, याचा विचार थोड्यांनींच केला असेल. तो येथें करावा असें आम्हीं योजिलें आहे.

मॉडेम हा शब्द 'मॉड्युलेटर' आणि 'डिमॉड्युलेटर' या दोन इंग्रजी शब्दांचीं डोकीं एकत्र जोडून झाला आहे. संगणक शून्य आणि एक या दोनच अंकांत बोलतो. रेडिओची लाट मात्र अखंड वाहणारी. त्या लाटेवर अंक चढविणें हें एक काम, आणि येणाऱ्या लाटेवरून ते उतरवून घेणें हें दुसरें. हीं दोन्ही कामें करणारें यंत्र तें मॉडेम. गमतीची गोष्ट अशी कीं, ज्या दोन विद्या या यंत्रांत एकत्र आल्या त्या आपल्या देशांत सामान्य माणसाच्या दारीं जवळजवळ एकाच वेळीं आल्या. ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्यें भारतांतील पहिलें मोबाइल संभाषण झालें, आणि पंधराच दिवसांनीं, १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वांस खुलें केलें. त्या वेळचें मॉडेम टेलिफोनच्या तारेस जोडलेलें असे आणि जोडणी होतांना मोठ्यानें किंचाळत असे. आजच्या मॉडेमला तारही नाहीं आणि आवाजही नाहीं.

याला 'सेल्युलर' म्हणतात, कारण सगळा प्रदेश मधाच्या पोळ्याप्रमाणें लहान लहान घरांत वांटलेला असतो आणि प्रत्येक घराची सोय जवळच्या एखाद्या मनोऱ्याकडे असते. त्या घरांत जितकीं माणसें एकाच वेळीं जाळें वापरतील तितक्यांत मनोऱ्याची शक्ति वांटली जाते. वाडींतल्या एकाच पाइपावरचे सगळे नळ सकाळीं एकदम सुटले म्हणजे धार बारीक होते, तसाच हा प्रकार. रात्रीं नऊ वाजतां व्हिडिओ अडखळतो तो पुष्कळदां डोंगलच्या दोषानें नव्हे. जड धडे पहाटे उतरवून ठेवावे आणि रात्रीं वाचावे, हा साधा उपाय आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं आपल्या आपण शोधून काढला आहे.

आतां खरेदीविषयीं. ज्यांच्या घरीं बऱ्यापैकीं फोन आहे त्यांनीं डोंगलसाठीं पैसे घालूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. फोन यूएसबीच्या तारेनें संगणकास जोडून त्यांतील 'टेदरिंग' सुरू केलें कीं फोनच मॉडेमचें काम करतो. अडचण येते ती वेगळी : तो फोन सकाळीं वडिलांबरोबर शेतावर किंवा बाजारांत जातो, आणि त्याच्याबरोबर मुलांचा अभ्यासही जातो. अशा घरास डोंगल अवश्य घ्यावें. मात्र जुनें, स्वस्त मिळतें म्हणून तिसऱ्या पिढीचें, म्हणजे ३जी, डोंगल घेऊं नये. जिओचें जाळें २०१६ सालीं सुरू झालें तेंच चौथ्या पिढीचें; तेथें असलें डोंगल मुळींच चालत नाहीं. एअरटेलनेंही आपलें ३जी २०२० सालापर्यंत आवरतें घेतलें. शिवाय कंपन्यांनीं विकलेलीं कांहीं डोंगलें त्याच कंपनीच्या सिमशीं बांधलेलीं असतात. तें दुकानांतच आपलें सिम घालून पाहावें.

सिमची गोष्ट निघाली म्हणून, या लेखांत पालकांनीं दुसरें कांहीं वाचलें नाहीं तरी चालेल, पण पुढील मजकूर अवश्य वाचावा. ज्या घरांत एकच क्रमांक आहे तेथें मोह असा होतो कीं, फोनमधलें तेंच सिम काढून डोंगलमध्यें घालावें आणि काम झालें कीं परत काढावें. मग परत काढण्याचा कंटाळा येतो. आमच्या माहितींतील एका घरीं असेंच झालें. मुलीच्या प्रवेशाचे अर्ज भरण्याकरितां वडिलांनीं आपलें सिम डोंगलमध्यें घातलें आणि दुकानाच्या कामासाठीं दुसरा क्रमांक घेतला. पहिला क्रमांक बँकेंत नोंदलेला होता. बँकेचे संदेश येत राहिले, पण ते डोंगलच्या पोटांत पडून राहिले. कारण डोंगल वाजत नाहीं आणि हांकही मारीत नाहीं. खात्यांतून कोणी परस्पर पैसे काढल्याचा संदेशही त्यांतच होता. तो त्यांनीं वाचला पांच आठवड्यांनीं, पासबुक भरून आणल्यावर.

पांच आठवड्यांचें महत्त्व काय, तेंही सांगतों. रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं घालून दिलेल्या नियमाप्रमाणें, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसतां तिसऱ्याच कोणीं पैसे काढले, आणि बँकेचा संदेश आल्यापासून कामाच्या तीन दिवसांच्या आंत ग्राहकानें तक्रार केली, तर नुकसान ग्राहकावर पडत नाहीं. चार ते सात दिवसांत केली तर त्याची जबाबदारी मर्यादित राहते. त्यानंतर तें बँकेच्या धोरणावर अवलंबून. म्हणजे न वाचलेला संदेश हा नुसता कागद नव्हे. त्याबरोबर हक्क निघून जातो. याची दुसरी बाजू अधिक वाईट आहे. डोंगल ज्याच्या हातीं असेल त्यास त्यांतील संदेश वाचतां येतात, आणि पैसे काढण्यासाठीं बँक जो ओटीपी पाठविते तो संदेशच असतो. शेजारच्या मुलाला 'दोन दिवस वापर' म्हणून दिलेलें डोंगल, आंत बँकेचें सिम असेल तर, तिजोरीच्या किल्लीसारखें आहे. म्हणून डोंगलसाठीं निराळें सिम घ्यावें आणि तें बँक, आधार, गॅस यांपैकीं कशासही जोडूं नये. अठरा वर्षांखालील मुलास सिम मिळत नाहीं; तेव्हां तें पालकांच्याच नांवें येणार आणि त्यावरून जें जें होईल त्याचा जाब पालकांसच विचारला जाणार, हेंही मुलांनीं ध्यानांत ठेवावें. सुटींत तें सिम तीन महिने मुळींच वापरलें नाहीं तर बंद होऊं शकतें, आणि पुढें तोच क्रमांक परक्याच्या हातीं जाऊं शकतो. बँकेचा क्रमांक तेथें नको, याचें हें आणखी एक कारण.

प्रत्यक्ष जोडणी त्या मानानें सोपी आहे. सिम घालतांना डोंगल संगणकापासून वेगळें असावें. टेबलावरच्या मोठ्या संगणकास पुढच्या बाजूच्या छिद्रापेक्षां मागील छिद्र बरें; कारण यूएसबीच्या जुन्या प्रकारांत एका छिद्रांतून ५०० मिलिअँपिअर एवढीच वीज मिळते, आणि मनोरा दूर असला म्हणजे डोंगलला जास्त जोर लावावा लागतो. वीज कमी पडली कीं तें मध्येंच तुटतें आणि आपण कंपनीस दोष देतों. पुष्कळ डोंगलें पहिल्यानें लावल्यावर मॉडेम म्हणून दिसतच नाहींत. संगणकास वाटतें कीं कोणी सीडी घातली आहे. त्यांत बिघाड नाहीं. संगणकास लागणारा ड्रायव्हर त्या खोट्या सीडींत ठेवलेला असतो. तो बसविला कीं डोंगल आपलें सोंग टाकून खऱ्या रूपांत येतें. लिनक्सच्या संगणकावर हेंच काम 'यूएसबी-मोडस्विच' नांवाची लहानशी आज्ञावली करते. नव्या प्रकारचीं डोंगलें मात्र स्वतःच एक लहान राउटर असतात. तीं लावतांच चालूं लागतात.

इतकें करून नेट मिळालें नाहीं तर 'एपीएन' तपासावा. जाळ्यांतून इंटरनेटकडे जाणाऱ्या वेशीचें हें नांव होय. जिओचें 'जिओनेट', बीएसएनएलचें 'बीएसएनएलनेट', एअरटेलचें 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम'. हीं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्यें जागा न सोडतां लिहावयाचीं.

आतां रेंज. येथें आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस प्रयोग करण्यास चांगला वाव आहे. ब्राउझरमध्यें १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.८.१ असा पत्ता लिहिला म्हणजे बहुतेक राउटर-डोंगलांचें स्वतःचें पान उघडतें. नेमका पत्ता डोंगलवरील चिठ्ठीवर असतो. त्या पानावर रेंज डेसिबलच्या मापांत दिलेली आढळते. आंकडे उणे असतात. उणे ८० ते ९० ही चौथ्या पिढीच्या जाळ्यास चांगली रेंज; उणे ११० च्या खालीं गेलें कीं काम रडत-रखडत चालतें. हें माप साधें नव्हे. दहांचा फरक म्हणजे शक्तींत दसपट फरक, आणि तिसांचा फरक म्हणजे हजारपट ! उणे ११० वरून उणे ८० वर येणें म्हणजे हजारपट शक्तीची लाट मिळविणें, आणि तीही एक पैसा न खर्चतां, नुसती जागा बदलून, कित्येकदां मिळते. पत्रा लाटेस अडवितो, जाड दगडी भिंत तिला क्षीण करते, कौलें पुष्कळशी वाट देतात. मनोऱ्याकडे तोंड असलेल्या खिडकींत डोंगल ठेवून त्यास यूएसबीची जोडतार लावावी. साधी तार पांच मीटरपेक्षां लांब नसावी. प्रत्येकानें वहींत तीन रकाने आंखावे : जागा, वेळ, आंकडा. माजघर, पडवी, माळा, खिडकी अशा चार ठिकाणीं सकाळ-संध्याकाळ आंकडे टिपावे. आठ नोंदींत आपल्या घराचा नकाशा लाटेच्या दृष्टीनें कसा आहे तें कळतें, आणि लॉगॅरिदम कशासाठीं शिकवितात तेंही कळतें. डोंगल चालतांना तापतें. त्यावर कापड किंवा उशी ठेवूं नये.

डेटा जपण्याविषयीं एकच गोष्ट सांगतों. रोजचा दीड-दोन जीबी संपला म्हणजे पुष्कळ योजनांत गति सेकंदास ६४ किलोबिटवर येते, म्हणजे आठ किलोबाइट. पांच मेगाबाइटची प्रश्नपत्रिका उतरावयास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. आणि हा डेटा मुलांनींच उधळला असें नव्हे. विंडोज स्वतःच्या सुधारणा गुपचूप उतरवून घेतें. नेटच्या मांडणींत 'मीटर्ड कनेक्शन' हें चालू केलें कीं त्यास लगाम बसतो. मात्र सुधारणा कायमच्या अडवूं नयेत. महिन्यांतून एकदां तरी शाळेच्या किंवा नातलगांच्या जोडणीवर त्या करून घ्याव्या. विंडोज १० चें नेहमींचें साह्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें आहे, हें जुने संगणक वापरणाऱ्यांनीं लक्षांत घ्यावें.

सुधारणांवर आमचा एवढा भर कां, असें कोणी विचारील. साधें डोंगल संगणकास थेट जाळ्यावर उभें करतें. नव्या पद्धतीच्या पत्त्यांत प्रत्येक यंत्रास जगांतून कोठूनही ओळखतां येईल असा स्वतःचा पत्ता मिळतो; मधें ओसरी नाहीं, दार थेट रस्त्यावर. म्हणून नवें जाळें जोडतांना संगणक विचारतो तेव्हां 'पब्लिक' हा पर्याय निवडावा, फायरवॉल चालू ठेवावा, फाइली वांटण्याची सोय बंद ठेवावी. वाय-फाय देणारें डोंगल असेल तर त्याच्या पानाचा मूळचा पासवर्ड, जो बहुधा 'ॲडमिन' असतो, पहिल्याच दिवशीं बदलावा, वाय-फायचाही बदलावा. तो चिठ्ठीवर छापलेला असतो, आणि चिठ्ठी पाहुण्यांसही वाचतां येते. जुनें डोंगल विकत घेतलें असेल तर बारीक भोंकांत टांचणी दाबून तें आधीं मूळ स्थितीस आणावें.

सिमला पिन लावावी. डोंगल हरवलें तरी पिन ठाऊक नसलेल्यास तें सिम दुसऱ्या यंत्रांत चालवितां येत नाहीं. पिन तीनदां चुकली कीं सिम अडतें आणि आठ आंकडी 'पीयूके' मागतें. तो कंपनीकडून मिळतो. तो दहा वेळां चुकला तर सिम कायमचें निकामी होतें, म्हणून अंदाजानें आंकडे दाबीत बसूं नये. मोठ्या भावंडांनीं हें लहानांस आधींच सांगावें. त्यांस असल्या कुलपांशीं खेळण्याची फार हौस.

डोंगलच्या अंगावर किंवा खोक्यावर पंधरा आंकडी आयएमईआय क्रमांक असतो. तो, सिमचा क्रमांक आणि पिन, हीं घरच्या वहींत लिहून ठेवावीं. डोंगलवर चिकटवूं नयेत. आपल्या नांवावर किती सिमें चालू आहेत तें सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर पाहतां येतें. अनोळखी क्रमांक दिसला तर तेथेंच कळवावें. 'तुमचें सिम ५जी करून देतों, ओटीपी सांगा' असा फोन आला तर कांहींही न सांगतां ठेवून द्यावा. आणि पैसे गेलेच, तर त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेसही कळवावें. वरच्या वहींत हा क्रमांक पहिल्या पानावर लिहावा.