घडीचे माहितीपत्रक : आधी काय दिसावे?

वाचनभाग : योहान ९:१-३



सिकलसेल तपासणीच्या शिबिराआधी पाड्यापाड्यांवर वाटायचे पत्रक आता पुष्कळ केंद्रे स्वतःच संगणकावर तयार करतात. ए-फोरचा एक कागद, दोन घड्या, सहा पाने. छपाईला स्वस्त आणि खिशात मावणारे. असे पत्रक वर्डमध्ये कसे मांडायचे, हा या अंकाचा धडा आहे. पण मापे घेण्याआधी एक गोष्ट ठरवायची असते : वाचणाऱ्याला आधी काय दिसेल? साध्या कागदावर हे लिहिणारा ठरवतो, घडीच्या पत्रकात मात्र घडी ठरवते.

हे महत्त्वाचे का?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नंदुरबारच्या सातपुड्यापासून गडचिरोलीपर्यंत आपल्या आदिवासी भागांत तो आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत आजार हटवण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी वाढते आहे, तसे घराघरांत प्रश्नही वाढतात. मूल आजारी होण्यासाठी आई आणि बाप या दोघांकडून दोष यावा लागतो. तरी बोट दाखवले जाते ते सुनेकडे. कोणी नजर लागली म्हणतो, कोणी डाकिणीचे नाव घेतो. आपल्या मंडळ्यांतही ‘घरात काहीतरी पाप असेल’ असे हळूच बोलणारे आहेत.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला नेमके हेच विचारले होते : पाप याचे की आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले आणि त्या माणसाच्या ठायी देवाचे कार्य पाहायला सांगितले. आपले पत्रक शिष्यांचा प्रश्न पुन्हा उभा करते की प्रभूचे उत्तर पोहोचवते, हे पानांच्या क्रमावरही अवलंबून आहे.

१. आधी कोरा कागद दुमडा

संगणक सुरू करण्याआधी ए-फोर कागद आडवा ठेवा. उजवा तिसरा भाग आत दुमडा, मग डावा भाग त्यावर आणा. आता ज्या क्रमाने पाने दिसतात त्या क्रमाने पेन्सिलीने आकडे घाला. वर दिसते ते पान १. ते उघडले की डावीकडे पान २ आणि उजवीकडे आत दुमडलेल्या भागाची पाठ, ती पान ३. तो भागही उघडला की २ च्या शेजारी ४ आणि ५ येतात. मागे राहते ते पान ६.

कागद पूर्ण उघडून पाहा. आतल्या बाजूला डावीकडून २, ४, ५ आहेत. बाहेरच्या बाजूला ३, ६, १ आहेत. पान ३ वाचले जाते आत, पण छापले जाते बाहेरच्या बाजूला. हा दुमडलेला कागद काम संपेपर्यंत समोर ठेवा.

२. कोणत्या पानावर काय?

पान १ : शिबिराचे नाव आणि ‘घरातल्या सगळ्यांची तपासणी’ असे साधे आवाहन. एकट्या आईचे किंवा रुग्ण मुलाचे छायाचित्र नको. आईबाप दोघे दिसतील असे रेखाचित्र घ्या.

पान २ : आजार दोघांकडून येतो, तो शाप नाही, कोणाच्या पापाचे फळ नाही, शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने लागत नाही.

पान ३ : वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही आणि वाहकाचा पुढे रुग्ण होत नाही.

पान ४ : कुटुंबाचे चित्र. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, दोषमुक्त असण्याची चारात एक. ‘प्रत्येक गरोदरपणात’ हे शब्द ठळक करा; नाहीतर एक मूल रुग्ण झाले की पुढची तीन सुखरूप, असा अर्थ लोक काढतात.

पान ५ : रुग्णाची काळजी. भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या रोज. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, असह्य वेदना, एका बाजूची ताकद जाणे यांपैकी काही दिसले तर लगेच दवाखाना.

पान ६ : शिबिराची जागा, तारीख, वेळ.

कुटुंबाचे चित्र पान ३ वर घ्यावे, असे प्रशिक्षणात नेहमी सुचवले जाते, कारण ते चटकन दिसते. मी त्याला नकार देते, तेही त्याच कारणाने. पत्रक उघडताच नजर चित्राकडे जाते, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना चित्रच तेवढे कळते. ‘दोष कोणाचाही नाही’ हे कोणी वाचून दाखवण्याआधी रुग्ण मूल दिसले, तर ठरलेली सोयरीक मोडायला तेवढे पुरते. पान ३ चे काम भीती घालवण्याचे आहे.

३. वर्डमधील मांडणी

आत दुमडायचा भाग ३ मिलिमीटर अरुंद हवा, नाहीतर तो घडीत अडकून वळतो. ए-फोरची लांबी २९.७ सेंटिमीटर, म्हणून दोन भाग १०-१० चे आणि तिसरा ९.७ चा.

लेआउटमध्ये कागद ए-फोर, दिशा लँडस्केप, चारही समास ०.८ सेंटिमीटर करा. कॉलम्समधून मोअर कॉलम्स उघडा, तीन कॉलम निवडा आणि समान रुंदीची खूण काढा. बाहेरच्या बाजूसाठी रुंदी अनुक्रमे ८.१, ८.४, ८.४ आणि कॉलममधील अंतर १.६. घडी बरोबर या मोकळ्या जागेच्या मध्यावर पडते.

आता ब्रेक्समधून नेक्स्ट पेज हा सेक्शन ब्रेक द्या. दुसऱ्या बाजूला मापे उलट : ८.४, ८.४, ८.१. सेक्शन ब्रेक न देता मापे बदलली तर पहिली बाजूही बदलते. एका पानावरून पुढच्यावर जाताना एंटर दाबत बसू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबून कॉलम ब्रेक द्या. मग वरचा मजकूर थोडा कमीजास्त झाला तरी पुढची पाने हलत नाहीत.

४. मराठी मजकूर

युनिकोड फॉन्टच वापरा, म्हणजे दुसऱ्या संगणकावर अक्षरे बिघडत नाहीत. आकार १४ पॉइंट ठेवा. ओळींतील अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवून कमी केले तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात; ‘मल्टिपल’ १.१५ ठीक. मजकूर डावीकडे जुळवा. दोन्ही कडा सारख्या केल्या तर अरुंद कॉलममध्ये शब्दांत मोठ्या फटी पडतात आणि नवशिक्या वाचकाची ओळ सुटते. मजकूर मावत नसेल तर अक्षर लहान करू नका, वाक्ये कमी करा.

५. छपाई आणि पारख

छापखान्यात पीडीएफ द्या. दोन्ही बाजूंची छपाई करताना ‘फ्लिप ऑन शॉर्ट एज’ निवडा, नाहीतर आतली बाजू उलटी येते. आधी एकच प्रत काढून दुमडा आणि पेन्सिलीच्या कागदाशी ताडून पाहा.

मग ती प्रत पाड्यावरच्या एका मावशींच्या हातात द्या. त्यांना वाचता येत नसेल तर नातीला वाचायला सांगा. नंतर एकच प्रश्न विचारा : ‘मावशी, हा आजार मुलाला कोणाकडून येतो?’ उत्तर ‘आईकडून’ असे आले तर घडी कितीही सुबक असो, पत्रक छापायला तयार नाही. ‘दोघांकडून’ असे आले तरच पुढच्या प्रती काढा.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या केंद्राचे जुने पत्रक उघडा. उघडताच पहिल्यांदा काय दिसते?
२. आपल्या मंडळीत आजाराचा संबंध पापाशी कोणत्या शब्दांत जोडला जातो? योहान ९:३ च्या प्रकाशात त्याला काय उत्तर द्याल?
३. पान २ वरील मजकूर आपल्या पाड्याच्या बोलीत पाच वाक्यांत लिहा.

प्रार्थना करू या, की तपासणीनंतर चिठ्ठी घेऊन घरी परतणाऱ्या प्रत्येक सुनेला तिच्या घरात सन्मानाने जागा मिळो.