सिद्धरामेश्वर आणि कर्तेपणाचा त्याग



गेल्या मार्गशीर्षात आमचा दोन दिवस नरोली येथे मुक्काम झाला. सिल्वासाजवळचे हे गाव 1954 साली पोर्तुगीज अंमलातून सुटले. आज त्याच्या आसपास कारखाने उभे आहेत आणि सोलापूर, अक्कलकोट, उमरगा या भागांतून पोटासाठी गेलेली आपली काही कुटुंबे तेथे नांदतात. या मंडळींनी वर्गणी काढून कामगारांच्या वाटेवर एक पाणपोई बांधावयास घेतली होती. काम गिलाव्यापर्यंत आले आणि तेथेच थांबले. संगमरवरी पाटीवर पहिले नाव कोणाचे घालावयाचे, एवढाच वाद! त्यापायी दोन घरांचे येणेजाणे बंद झाले होते आणि टाकी कोरडी पडली होती. रात्री पूजेनंतर त्यांनी आम्हांस निर्णय मागितला. आम्ही निर्णय दिला नाही. त्यांच्याच गावच्या सिद्धरामेश्वरांचे चरित्र सांगितले. तोच पाठ आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

बाराव्या शतकातील सिद्धराम हे सोन्नलगीचे, म्हणजे आजच्या सोलापूरचे. आई सुग्गलादेवी, वडील मुद्दुगौडा. राघवांक कवीने तेराव्या शतकात कन्नडमध्ये त्यांचे चरित्रकाव्य रचले. त्यातील कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. रानात गुरे राखणाऱ्या या अबोल मुलाकडे मल्लय्या जंगमरूपाने आला आणि त्याने खावयास मागितले. मुलगा घरून अन्न घेऊन परतला तो जंगम दिसेना. त्याला हाका मारीत मुलगा थेट श्रीशैलापर्यंत गेला. तेथेही भेट होईना, तेव्हा कड्यावरून देह टाकावयास निघाला. मग मल्लिकार्जुनाने दर्शन दिले आणि सांगितले, सोन्नलगीस परत जा, तेथेच माझे कार्य कर.

परतलेल्या सिद्धरामांनी जे केले ते सोलापुरास गेलेला प्रत्येक जण आजही पाहतो. त्यांनी तलाव खोदविला, मंदिर उभारले, नगराभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. मकरसंक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात. पावसावर जगणाऱ्या मुलखात तलाव म्हणजे साक्षात जीवन. असे लोकोपकारी कार्य करणाऱ्या पुरुषात उणे ते काय असणार, असे आपणांस वाटेल.

येथेच अल्लमप्रभूंचे आगमन होते. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या शून्यसंपादने ग्रंथात हा प्रसंग विस्ताराने आला आहे. प्रभू तलावाच्या कामावर आले आणि खोदणाऱ्यांना त्यांनी विचारले की, तुमचा तो वड्डर राम कोठे आहे? आपल्या गुरूला मातीकाम करणारा म्हटलेले ऐकून लोक खवळले आणि त्यांनी दगड फेकले. सिद्धराम स्वतः आले तेही क्रोधाने. त्यांच्या नेत्रातून अग्नी निघाला, तो प्रभूंनी शांत केला, आणि मग दोघांचा संवाद सुरू झाला.

वाचकहो, क्षणभर थांबून विचार करा. वड्डर या शब्दात अपमान कोठे आहे? माती खणणे हे कायक आहे आणि शरणांच्या दृष्टीने कोणतेही प्रामाणिक कायक हीन नाही. तरीही तो शब्द झोंबला. याचा अर्थ, हात माती खणत होते, पण मनात ‘मी मोठे पुण्यकार्य करीत आहे’ ही जाणीव वास करीत होती. प्रभूंचा आक्षेप तलावाला नव्हता, तलावाच्या काठावर उभ्या असलेल्या ‘मी’ला होता. बाहेरचे सरोवर भरले, पण आतील खोदाई राहिली, हे त्यांना दाखवावयाचे होते.

सिद्धरामांची थोरवी अशी की त्यांनी हे मान्य केले. ते प्रभूंबरोबर कल्याणास गेले, बसवण्णांच्या अनुभवमंटपात बसले आणि चन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंगदीक्षा घेतली. ज्याच्या शब्दावर गाव कामाला लागत असे, तो शिष्य होऊन बसला. पुढे त्याच मंटपाच्या शून्यसिंहासनावर ते अधिष्ठित झाले, असे परंपरा मानते.

आता ‘दान’ आणि ‘दासोह’ यांतील भेद पाहू. दान देताना देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. दासोह शब्दाची फोड ‘दासः अहम्’ अशी केली जाते. येथे देणारा स्वतःला सेवक समजतो. जे दिले ते शिवाचेच होते, ते शिवाच्याच रूपाला पोचले, मी केवळ वाहून नेले, हा त्यातील भाव. वस्तू तीच, पाणी तेच. भाव बदलला की दानाचा दासोह होतो.

याची खूण वचनांतच आहे. आपल्या संतांच्या अभंगात शेवटी ‘तुका म्हणे’ अशी रचणाऱ्याची मुद्रा येते. शरणांच्या वचनात बहुधा इष्टदेवाची येते. बसवण्णांची मुद्रा कूडलसंगमदेव, अल्लमप्रभूंची गुहेश्वर, सिद्धरामांची कपिलसिद्ध मल्लिकार्जुन. मुद्रा कोणतीही असो, नम्रता दोन्हीकडे आहे. परंतु ज्याने सोन्नलगीत इतके उभारले त्याने आपल्या वचनाखाली स्वतःचे नाव न घालता धन्याचे घातले, हे ध्यानात घ्या.

नरोलीत एका तरुणाने रास्त शंका विचारली. “स्वामीजी, नावे लिहिली नाहीत तर वर्गणीचा हिशेब कसा कळणार?” आम्ही म्हणालो, हिशेब अवश्य लिहा, पै-पैचा लिहा आणि सर्वांसमोर वाचा. हिशेब हा सत्याचा भाग आहे. पण हिशेबाची वही वेगळी आणि गौरवाची पाटी वेगळी. वही विश्वासासाठी असते, पाटी ‘मी’साठी.

हे सांगताना आमची जीभ अडखळली, हेही लिहिले पाहिजे. आमच्या मठाच्या नव्या पायऱ्यांवर आमचेच नाव कोरलेले आहे. भक्तांनी आग्रह केला आणि आम्ही मौन धरले. ते मौन नम्रतेचे नव्हते.

अलीकडे नरोलीहून पत्र आले. पाणपोई सुरू झाली आहे. पाटीसाठी सोडलेला चौकोन अद्याप रिकामा आहे. त्या दोन घरांचे बोलणे अजून पुरते जुळलेले नाही, पण उन्हाच्या दिवसांत दोन्ही घरची माणसे टाकी भरावयास आळीपाळीने येतात. सिद्धरामांचाही अहंकार एका दिवसात गेला नव्हता.

चिंतनासाठी : (1) आपल्या कामाला कोणी हलके नाव दिले तर आपणांस काय झोंबते? (2) या महिन्यात आपण जे दिले ते दान होते की दासोह? (3) कोणासही न कळता करता येईल अशी एक सेवा निवडा आणि ती पुढील पौर्णिमेपर्यंत करा.

इति शिवम्.