परसातील कुक्कुटपालन : घरचा कुत्रा आणि जोखमीचे अर्थशास्त्र

ग्रामीण कुटुंबाच्या पूरक उत्पन्नात परसातील कुक्कुटपालनाचे स्थान महत्त्वाचे आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील ८५.१८ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी पक्षी परसातील होते. २०१२ च्या तुलनेत ही वाढ सुमारे ४६ टक्के होती. व्यापारी क्षेत्रात ती केवळ ४.५ टक्के होती. अल्प भांडवल, घरातील उष्टे-खरकटे व शेतातील सांडलेले धान्य यांवर चालणारा हा व्यवसाय मुख्यतः स्त्रियांच्या हाती आहे. या व्यवसायाची चर्चा बहुधा जातसुधारणेपुरती मर्यादित राहते. पक्षी जिवंत राहण्याचा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो.

उत्पादकता आणि जगण्याचे प्रमाण

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कुटुंबाकडे दहा कोंबड्या आहेत. देशी कोंबडी वर्षाला ६० अंडी देते असे धरल्यास उत्पादन ६०० होईल. वनराजा वा ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातीची कोंबडी परसात १०० अंडी देते असे मानल्यास ते १,००० होईल. परंतु अंडी देण्यास आरंभ होण्यापूर्वीच दहापैकी चार कोंबड्या मारल्या गेल्या, तर उत्पादन पुन्हा ६०० वर येते. म्हणजेच जातसुधारणेचा सर्व लाभ नाहीसा होतो आणि पिल्लांवर केलेला अधिक खर्च अंगावर पडतो.

रोग, मुंगूस, घार यांच्याप्रमाणेच कुत्रा हेही या हानीचे एक कारण आहे. आणि हा कुत्रा पुष्कळदा घरचाच असतो. वजनदार सुधारित पक्ष्यास चपळ देशी कोंबडीप्रमाणे उडून झाडावर जाणे कठीण जाते, त्यामुळे ही जोखीम वाढते.

हानीचे कारण

कुत्रा केवळ भुकेपोटी कोंबडी मारतो, हा समज अपुरा आहे. पळणाऱ्या व फडफडणाऱ्या प्राण्याचा पाठलाग करणे ही त्याची उपजत प्रवृत्ती आहे. पोटभर जेवलेला कुत्राही एकापाठोपाठ अनेक कोंबड्या मारू शकतो. मुधोळ, राजपालयम, चिप्पीपराई यांसारख्या मूळच्या शिकारी जातींत ही प्रवृत्ती विशेष प्रबळ आढळते. घटना घडून गेल्यानंतर कुत्र्यास मारणे वा मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधणे निरुपयोगी ठरते. कारण शिक्षा व कृती यांचा संबंध त्याला जोडता येत नाही.

प्रतिबंधक उपाय

(१) रात्री कोंबड्या पक्क्या दाराच्या, जमिनीपासून उंच खुराड्यात कोंडाव्यात. लहान पिल्लांसाठी दिवसाही डालगे वापरावे.

(२) परसाच्या एका भागास सुमारे पाच फूट उंचीचे जाळीचे कुंपण घालावे. कुत्रा खालून उकरतो, म्हणून जाळीचा सुमारे एक फूट भाग जमिनीत पुरावा.

(३) कुत्रा लहान असतानाच शिकवण सुरू करावी. त्यास दोरीने धरून कोंबड्यांपासून काही अंतरावर बसवावे; त्याने नजर वळवली वा तो शांत राहिला की लगेच खाऊ द्यावा. अंतर हळूहळू कमी करावे. शिकवलेल्या कुत्र्यासही दीर्घकाळ देखरेखीविना कोंबड्यांत सोडू नये.

(४) वेळेची विभागणी करावी. कोंबड्या चरत असताना कुत्रा बांधलेला वा दूर असावा आणि त्या खुराड्यात गेल्यावर मोकळा असावा. असा कुत्रा रात्री कोल्हा, रानमांजर यांना दूर ठेवून उपयोगीही ठरतो.

कुत्र्यास कायम बांधून ठेवणे मात्र योग्य नव्हे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्यास अवाजवी काळ आखूड वा जड साखळीने बांधणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे हा अपराध आहे.

खर्च कोणाचा, निर्णय कोणाचा?

शेजाऱ्याच्या कुत्र्याने कोंबडी मारल्यास ती बाह्य परिणामाची समस्या ठरते. रोनाल्ड कोस यांनी १९६० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात शेजारच्या पिकात शिरणाऱ्या गुरांचे उदाहरण याच संदर्भात घेतले होते. हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींचा खर्च नगण्य असेल, तर उभय पक्ष कार्यक्षम तोडग्यापर्यंत पोहोचतात, हे त्यांचे प्रतिपादन होय.

घरच्या कुत्र्याच्या बाबतीत लाभ व हानी एकाच कुटुंबात राहतात. त्यामुळे प्रश्न आपोआप सुटेल असे वाटते. वस्तुतः कुटुंब हे एकजिनसी घटक नसते. कुत्रा शेत व घर राखतो, त्याचा लाभ सर्वांना होतो. अंड्यांचे उत्पन्न मात्र बहुधा स्त्रीच्या हाती येते आणि कोंबडी गेल्याची झळ तिलाच लागते. जाळीवर पैसे खर्च करण्याचा निर्णय अनेकदा दुसऱ्याच्या हाती असतो. परिणामी, किफायतशीर असूनही कुंपण घातले जात नाही.

समारोप

यातून धोरणाची दिशा सूचित होते. परसातील कुक्कुटपालनाच्या योजनांत पिल्लांच्या वाटपासोबत खुराडे व जाळी यांचाही समावेश असावा, हे साहाय्य थेट स्त्री लाभार्थीस मिळावे आणि यशाचे मोजमाप वाटलेल्या पिल्लांच्या संख्येवर न करता वर्षअखेर जिवंत असलेल्या पक्ष्यांवर व्हावे. जाळीच्या एका भेंडोळ्याने वाचणारे उत्पन्न हे त्या कुटुंबातील मुलांच्या आहाराचे आणि स्त्रीच्या आर्थिक स्वायत्ततेचे साधन असते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. परसातील कुक्कुटपालनात जातसुधारणा व जोखीम व्यवस्थापन यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा.

२. कुटुंबांतर्गत निर्णयाधिकाराचा उत्पादक गुंतवणुकीवर होणारा परिणाम सोदाहरण लिहा.