समाधानी आहात का, असं विचारण्याआधी

आरोग्य खात्यात किंवा बालविकास प्रकल्पात नवं ॲप आलं की काही महिन्यांनी त्याच्या मागोमाग एक पाहणी येते. ॲप सोपं वाटतं का, कामाला मदत होते का, एकंदरीत आपण समाधानी आहात का. उत्तर पाचपैकी एका चौकटीत. निकालही ठरल्यासारखा असतो: बहुसंख्य कर्मचारी समाधानी, थोड्या प्रशिक्षणाची गरज, काही ठिकाणी रेंजची अडचण. अशा निकालावर विसंबून पुढचा टप्पा आखणाऱ्यांना मला सावध करायचं आहे. ही प्रश्नावली तालुक्याच्या मासिक बैठकीत वाटली जाते, किंवा ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज ‘एन्ट्री पेंडिंग’च्या याद्या पडतात त्याच ग्रुपवर तिची लिंक येते. वर नाव, हुद्दा, उपकेंद्र लिहायचं असतं. उत्तर देणारी आशा कामागणिक मोबदल्यावर, अंगणवाडी सेविका मानधनावर, आरोग्य सेविका बऱ्याचदा कंत्राटी. तिने ‘असमाधानी’वर बोट ठेवावं अशी अपेक्षा असेल, तर विचारणाऱ्यालाच नोकरी कळलेली नाही. तिचं खरं मत चौकटीत सापडत नाही. ती भरत असलेल्या माहितीत मात्र ते जवळजवळ रोज उमटत असतं. ते तिथे वाचावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

समाधान मोजण्याचे जे आराखडे आपण वापरतो त्यांचा जन्म कुठे झाला हे आधी पाहायला हवं. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं की माणूस संगणकप्रणाली स्वीकारतो तो दोन समजुतींवर: ती उपयोगी आहे आणि ती वापरायला सोपी आहे. विल्यम डिलोन आणि एफ्रेम मॅकलीन यांनी १९९२ मध्ये प्रणालीच्या यशाचं मोजमाप सुचवलं. २००३ मध्ये ते सुधारून मांडताना त्यात सेवेचा दर्जाही जोडला. आपल्याकडच्या बऱ्याच प्रश्नावल्या या दोन घराण्यांतल्या आहेत. पण ‘स्वीकार’ या गोष्टीला अर्थ तेव्हा असतो जेव्हा नकाराची सोय असते. पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या ॲपवर नोंद केली नाही तर सेविकेच्या प्रोत्साहन भत्त्यावर गदा येते आणि पर्यवेक्षिकेचा फोन येतो. तिथे किती जणींनी लॉगिन केलं हा आकडा फक्त धाक किती आहे ते सांगतो. वापर सक्तीचा असेल तिथे समाधानाचं महत्त्व उलट वाढतं, कारण बाईला ॲप सोडता येत नाही. ती फक्त त्यात काय भरायचं आणि कसं, एवढंच ठरवू शकते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. बायकांना तंत्रज्ञान जमत नाही, शिक्षण कमी, म्हणून कुरकुर. सवय झाली की थांबेल. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले, तेव्हाही हे ऐकू आलं. त्यांच्या तक्रारी मात्र अगदी नेमक्या होत्या. फोन कमी क्षमतेचे, सारखे अडकणारे आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर घालणारे. आधीचं ॲप मराठीत होतं, त्याजागी मार्च २०२१ मध्ये आलेला पोषण ट्रॅकर इंग्रजीत. पुढे त्यात मराठीसह इतर भाषा आल्या, म्हणजे तक्रारीत तथ्य होतं. आणि अडाणीपणाच कारण असेल तर अमेरिकेतल्या डॉक्टरांचं काय करायचं? लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात २००२ च्या शेवटी औषधोपचाराच्या सूचना संगणकावरच देण्याची सक्ती झाली. डॉक्टर इतके बिथरले की २००३ च्या जानेवारीत ती प्रणाली थांबवावी लागली. २०१६ मध्ये ख्रिस्तीन सिन्स्की आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांच्या दिवसाचा हिशेब मांडला, तेव्हा रुग्णाला दिलेल्या प्रत्येक तासामागे संगणक आणि टेबलावरच्या कामाचे जवळजवळ दोन तास निघाले. वापरसुलभता मोजण्याची दहा विधानांची एक जुनी पट्टी आहे, शंभरपैकी गुण देणारी. तिच्यावर साधारण प्रणालीला ६८ गुण पडतात. अमेरिकी डॉक्टरांनी आपल्या इलेक्ट्रॉनिक नोंदप्रणालीला दिले सरासरी ४५.९. भरपूर शिकलेली, वेगवान नेटवर्क असलेली, मोठ्या पगाराची ही माणसं. आपल्याकडच्या सेविका व्हॉट्सॲप आणि यूट्यूब कुणी न शिकवता वापरतात, हेही विसरायला नको.

मग दुखणं कुठे आहे? उपकेंद्रात एका बाळाला बीसीजीची लस दिली, तर ती कुठे कुठे लिहावी लागते ते पाहा. आईजवळच्या माता-बाल संरक्षण कार्डावर, आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) रजिस्टरमध्ये, मग तेच आरसीएच पोर्टलवर, लसीकरणासाठी यू-विनवर आणि महिनाअखेरीला एचएमआयएस या आरोग्य माहिती प्रणालीच्या अहवालात एका आकड्याच्या रूपात. यातलं आईजवळचं कार्ड सोडलं तर बाकी नोंदींचं पुढे काय होतं हे लस देणारीला दिसत नाही. तिला हवी असते साधी गोष्ट: पुढच्या बुधवारी कोणत्या वाडीतली कोणती बाळं राहिली आहेत, त्यांची यादी. ती यादी ती वहीच्या शेवटच्या पानावर स्वतः काढते. अंगणवाडीचंही तसंच. २०१८ नंतर आलेल्या पहिल्या ॲपने सेविकेच्या अकरापैकी दहा रजिस्टरांची जागा घ्यायची होती. ॲप आलं, पण रजिस्टरं हटायला तयार झाली नाहीत. एक काम दोन झालं, की समाधानाचा प्रश्न तिथेच निकालात निघतो. स्क्रीनचा रंग आणि बटणांची जागा बदलून तो परत येत नाही.

याची दुसरी बाजू आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत आरोग्यदूत महिलांकडून नवजात बाळांची घरीच काळजी घेऊन दाखवली, तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते काम छापलं. त्या बायका फार शिकलेल्या नव्हत्या, हातात ॲप नव्हतं, छापील पत्रकं होती. ती भरली जात, कारण पत्रक आणि उपचार वेगळे नव्हते: बाळाचं वजन, तापमान, श्वास, दूध ओढणं लिहितानाच जंतुदोषाची शंका येत होती आणि पुढे काय करायचं ते ठरत होतं. पर्यवेक्षक येऊन ती तपासत होता आणि चुकलं तर समोर बसून सांगत होता. हेच थोड्या वेगळ्या रीतीने क्षयरोग कार्यक्रमाच्या ‘निक्षय’ पोर्टलमध्ये दिसतं. क्षयरुग्णाची नोंद झाली की पोषण आहारासाठी पैसे त्याच्या खात्यात जातात. २०१८ मध्ये महिन्याला ५०० रुपये होते, आता १००० आहेत. इथे नोंदीचं फळ नोंद करणाऱ्याला दिसतं. अर्थात खात्याचा क्रमांक जुळला नाही आणि पैसे अडकले, तर रुग्णाची बोलणी खातो तोही तोच. परतफेड दिसणारी असली की तिच्यातला अडथळाही तितकाच बोचतो.

नोंदीतून काहीच परत येत नाही तेव्हा माणूस नोंद बंद करत नाही, कारण तशी मुभा नसते. तो रकाना कसातरी भरून टाकतो. म्हणून ज्यांना खरंच समाधान मोजायचं आहे त्यांनी प्रश्नावली बाजूला ठेवून आकड्यांचे शेवटचे अंक मोजावेत. बाळांची वजनं खरोखर काट्यावर घेतली असतील तर दशांशाच्या जागी शून्यापासून नऊपर्यंत सगळे अंक साधारण सारख्या प्रमाणात यायला हवेत. साडेआठ, नऊ, साडेनऊ किलोच्या बाळांचीच गर्दी दिसली, बीटातल्या झाडून सगळ्या गरोदर बायकांचा रक्तदाब १२०/८० निघाला, किंवा महिनोन्‌महिने एका गावातल्या मुलांची उंची पूर्ण सेंटिमीटरांतच वाढत राहिली, तर तिथे काहीतरी मोडलं आहे. काटा बिघडलेला असेल, उंची मोजायची पट्टीच नसेल, किंवा मोजायला वेळच उरत नसेल. दुसरी खूण नोंदीच्या वेळेची. आठवड्याच्या सगळ्या भेटी एकाच रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान चढल्या असतील, तर काम दिवसा झालं आणि नोंद घरच्या वेळात, बिनपगारी झाली. हे सगळं सर्व्हरवर आधीच पडलेलं आहे. त्यासाठी कुणाला काही विचारायची गरज नाही. फक्त हा पडताळा शिक्षेसाठी वापरू नका. वापरलात तर पुढच्या महिन्यात वजनं ८.३७ आणि ९.१२ अशी येऊ लागतील, आणि मग खोटं ओळखण्याची ही वाटही बंद होईल.

दुसरा आक्षेप, उत्तरदायित्वाचा, अडाणीपणाच्या आक्षेपापेक्षा वजनदार आहे, आणि तो मी झटकत नाही. कागदाच्या काळात घरी बसून रजिस्टरं भरली जात होती. न झालेल्या भेटी, न वाटलेला आहार हे सगळं त्या वह्यांत सुखाने नांदत होतं. करदात्याचा पैसा आहे, तेव्हा पडताळणी हवीच, सेविका खूश असो वा नसो. मान्य. पण पडताळणी म्हणून आपण काय करतो? २०२१ मध्ये हरियाणात आशांच्या फोनमध्ये घातलेल्या एका ॲपमुळे त्यांचा ठावठिकाणा आणि फोनमधलं बाकीचं दिसू शकतं, म्हणून त्या रस्त्यावर आल्या. जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीच्या चेहऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं झालं. उद्देश गळती थांबवण्याचा. ओटीपी न आल्याने किंवा चेहरा न जुळल्याने एखादी बाळंतीण रिकाम्या हाताने परत गेली, तर तिला समजावण्याचं काम सेविकेचं आणि गळती थांबल्याची बढाई डॅशबोर्डची. पाळतीने हजेरी सिद्ध होते. वजन खरं घेतलं की नाही, हे तिने सिद्ध होत नाही. ते घेण्याची इच्छा मात्र तिने कमी होते. सवय लागण्याच्या मुद्द्याला याहून छोटं उत्तर पुरतं: नवखेपणाचा त्रास काही महिन्यांत ओसरतो, दुहेरी कामाचा ओसरत नाही. सहा महिन्यांनी आणि दीड वर्षाने त्याच तक्रारी त्याच जागी असतील तर तो सवयीचा प्रश्न नव्हता.

जिल्ह्यात नवी प्रणाली आणणाऱ्याला माझा सल्ला म्हणून असा आहे. समाधानाची पाहणी करायचीच असेल तर ती खात्याबाहेरच्या माणसाने, मराठीत, निनावी करावी. त्यात ‘समाधानी आहात का’ऐवजी ‘गेल्या आठवड्यात या ॲपमध्ये पाहून तुम्ही कुणाच्या घरी गेलात’ असं विचारावं. उत्तर ‘कुणाच्याच नाही’ असेल तर बाकीची प्रश्नावली वाचलीच नाही तरी चालेल. चुकलेली नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार नोंद करणारीकडेच असावा. दुरुस्तीसाठी तालुक्याला अर्ज करावा लागला की चूक तशीच ठेवणं सोयीचं होतं. धडगाव-अक्कलकुव्यात किंवा मेळघाटात रेंज नसताना ॲप चालतं की नाही, हे पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षण हॉलमध्ये कळत नाही, तेव्हा कंपनीच्या देयकाचा शेवटचा हप्ता अशा एखाद्या उपकेंद्रातल्या महिनाभराच्या वापराशी बांधावा. आणि ॲप सुरू होण्याच्या दिवशीच कोणती रजिस्टरं बंद झाली त्यांची नावानिशी यादी असलेला आदेश निघावा. तो सेविकांकडे नंतर गेला तरी चालेल, आधी तपासणी पथकांकडे जाऊ द्या; कारण भेटीला आलेले साहेब खुर्चीत बसता बसता ‘रजिस्टर दाखवा’ म्हणतात तोवर शासन निर्णयाने बंद झालेलं रजिस्टरही चालूच राहतं.