एक प्रोग्राम, दोन सिस्टिम्स

रूमवर विंडोज आणि लॅबमध्ये लिनक्स, ही आपल्यापैकी बऱ्याच जणांची परिस्थिती. रात्र जागून लिहिलेला सी प्रोग्राम रूमवर मस्त चालतो आणि सबमिशनच्या दिवशी लॅबमध्ये कंपाईलच होत नाही. सर शेजारी उभे आणि स्क्रीनभर एरर्स! यावर जुना, साधा उपाय म्हणजे कंडिशनल कंपायलेशन. (मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे याला शुद्ध मराठी शब्द मला विचारू नका.)

सी भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास घडवली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये लिहिला गेला आणि पुढे तो वेगवेगळ्या मशीन्सवर नेणं सोपं झालं. पण भाषा एक असली तरी प्रत्येक सिस्टिमची स्वतःची फंक्शन्स वेगळी असतात.

साधं उदाहरण घ्या. प्रोग्रामला दोन सेकंद थांबवायचंय. विंडोजचं 'स्लीप' कॅपिटल एसने सुरू होतं आणि मिलिसेकंद मागतं. लिनक्सचं 'स्लीप' स्मॉल एसचं, ते सेकंद मागतं. नुसता एस बदलून विंडोजला २ दिलेत तर प्रोग्राम दोन मिलिसेकंद थांबेल. लिनक्सला २००० दिलेत तर तब्बल ३३ मिनिटं! आणि कंपायलर चकार शब्द काढणार नाही.

म्हणून निवड प्रीप्रोसेसरवर सोपवायची. तो कंपाईल होण्याआधी फाईल चाळतो आणि नको त्या ओळी गाळून टाकतो. सांगाडा असा:

#इफ डिफाइन्ड(_विन३२)
    विंडोजच्या ओळी
#एलिफ डिफाइन्ड(__लिनक्स__)
    लिनक्सच्या ओळी
#एल्स
    #एरर "ही सिस्टिम ओळखीची नाही"
#एंडइफ

ही नावं आपण लिहायची नसतात, त्या त्या सिस्टिमचा कंपायलरच ती ठरवून ठेवतो. '३२' बघून फसू नका, ६४ बिट विंडोजवरही हेच नाव असतं. आणि शेवटचा '#एरर' विसरू नका. अनोळखी सिस्टिमवर चुकीचं चालण्यापेक्षा तिथेच थांबलेलं बरं.

आता पथ्य. हे '#इफ' प्रोग्रामभर पेरले तर आठवड्याने आपलाच कोड आपल्याला वाचता येत नाही. हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२ मध्येच एका पेपरमध्ये याबद्दल बजावलं होतं. त्यापेक्षा 'थांबा' नावाचं आपलं एक फंक्शन करा, सेकंद घेणारं. सगळी भानगड त्याच्या एकाच फाईलमध्ये ठेवा. बाकी प्रोग्रामने फक्त 'थांबा(२)' म्हणायचं.

आणि जिथे स्टँडर्ड सी पुरतं, तिथे '#इफ' नकोच. 'लाँग' ६४ बिट लिनक्सवर ८ बाइट्सचा, तर विंडोजवर ४ चाच. तिथे १९९९ च्या स्टँडर्डमधला 'इंट३२_टी' वापरला की प्रश्न मिटला.

शेवटचं, पण सर्वात महत्त्वाचं. विंडोजवर कंपाईल करताना लिनक्सच्या ओळी कंपायलरने पाहिलेल्याच नसतात. त्यात सेमीकोलन राहिला तरी तो सांगणार नाही. म्हणून सबमिशनच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये एकदा कंपाईल करून बघाच!