एक्स अक्ष हलत नाही: सिग्नलचा माग कसा काढायचा

स्क्रीनवर एक्सचा आकडा ०.००० वरून २०.००० वर जातो आणि यंत्र मात्र जागचं हलत नाही. त्या आकड्यावर विसंबू नका. जीआरबीएल ही आर्डुइनोवरची फर्मवेअर नुसत्या पल्स सोडते आणि स्वतःच मोजते. मोटर खरंच फिरली का, हे तिला कळायची सोय नसते.

पुढची कृती आर्डुइनो उनो, त्यावर सीएनसी शील्ड आणि ए४९८८ ड्रायव्हर अशा जोडणीची आहे. मल्टिमीटर, प्लास्टिकचा छोटा स्क्रूड्रायव्हर आणि मार्कर जवळ ठेवा. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम, पण नसला तरी अडत नाही. एक पथ्य मात्र पाळाच: पॉवर चालू असताना मोटरची वायर काढू किंवा लावू नका. कॉइलमधला प्रवाह झटक्यात तुटला की व्होल्टेज उसळतं आणि धडधाकट ड्रायव्हरही जळतो.

१. मोटरचा सप्लाय बघा. आर्डुइनो यूएसबीवर जिवंत असतो, त्यामुळे १२ किंवा २४ व्होल्टचा सप्लाय बंद असला तरी सॉफ्टवेअर सगळं आलबेल दाखवतं. शील्डच्या स्क्रू टर्मिनलवरच व्होल्टेज मोजा. अ‍ॅडॉप्टरवरच्या दिव्याचा भरवसा नको.

२. एनेबल. ही पिन डी८, तिन्ही अक्षांना एकच. $१=२५५ द्या म्हणजे थांबल्यावरही मोटर धरून राहील. एक छोटी चाल देऊन डी८ मोजा: शून्याच्या जवळ हवं. ५ व्होल्ट दिसले तर ड्रायव्हर झोपलेले आहेत, $४ (एनेबल उलटं करणारी सेटिंग) बघा. डी८ शून्यावर आहे पण शाफ्ट हाताने सहज फिरतो, तर ड्रायव्हर किंवा मोटरच्या वायरीकडे वळा.

३. डिरेक्शन. एक्ससाठी डी५. आधी जी९१, मग जी१ एक्स२० एफ६० (कीबोर्डवर अर्थात रोमन अक्षरांत). चाल सुरू असताना मोजा, मग एक्स-२० देऊन पुन्हा. एकदा ० आणि एकदा ५ मिळालं की पुढे जा.

४. स्टेप, पिन डी२. इथे मल्टिमीटर फसवतो आणि चांगले बोर्ड भंगारात जातात. समजा लीड स्क्रूची एका फेऱ्यात चाल ८ मिमी आहे आणि मायक्रोस्टेप १/१६, तर $१०० ची (एक्सच्या दर मिमीला किती पल्स, याची) किंमत ४००. एफ६० म्हणजे सेकंदाला १ मिमी, म्हणजेच ४०० पल्स. प्रत्येक पल्स १० मायक्रोसेकंदांची, म्हणून पिन फक्त ०.४ टक्के वेळ वर असते. मीटर सरासरी दाखवतो: ०.०२ व्होल्ट. बघणारा म्हणतो, सिग्नलच नाही! म्हणून पल्सची लांबी ठरवणारी सेटिंग तात्पुरती $०=१०० करा. आता त्याच चालीत ०.२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, आणि थांबल्यावर शून्य. आधी डी२ वर मोजा, मग ड्रायव्हरच्या स्टेप पायावर. पहिल्या जागी आहे आणि दुसऱ्या जागी नाही, तर शील्डची वाकलेली पिन किंवा ड्राय सोल्डर शोधा. मोजून झालं की $०=१० परत करा, नाहीतर जलद चालीत पल्स एकमेकींवर चढतील.

५. पल्स पोचते पण मोटर गप्प. पॉवर बंद करून एक्स आणि वायचे ड्रायव्हर अदलाबदल करा. ड्रायव्हरची ईएन पिन शील्डवरच्या ईएनच्या खुणेवरच बसली पाहिजे. दोष वायवर गेला तर ड्रायव्हर बाद. एक्सवरच राहिला तर मोटरची पाळी: एका कॉइलच्या दोन वायरींत मोजके ओहम, दोन कॉइलींमध्ये काहीच नाही. मोटर फिरण्याऐवजी नुसती गुरगुरत असेल तर बहुधा जोड्या चुकल्यात किंवा एक कॉइल तुटलीय.

विद्युतप्रवाहही तपासा. ए४९८८ वरच्या रेझिस्टरवर आर१०० लिहिलं असेल तर १ अँपिअरसाठी व्हीरेफ (ड्रायव्हरवरच्या छोट्या स्क्रूने ठरणारं व्होल्टेज) ०.८ व्होल्ट, आर०५० असेल तर ०.४. दुसऱ्याच्या बोर्डाचा आकडा उचलून लावला की मोटर एकतर अशक्त राहते, नाहीतर भाजते.

६. हलते, पण माप चुकतं. शाफ्ट आणि कपलिंगवर मिळून मार्करने एकच रेघ ओढा आणि दहा-बारा वेळा पुढेमागे चालवा. रेघ तुटली तर ग्रब स्क्रू सैल आहे. सिग्नलचा काही संबंध नाही. रेघ शाबूत असेल तर $११० (एक्सचा कमाल वेग) आणि $१२० (त्वरण) निम्मे करा. तेवढ्याने माप जमलं तर मोटरला वेग झेपत नव्हता. तरीही प्रत्येक वेळी दिशा बदलताना एकाच बाजूला थोडं थोडं सरकत असेल, तर पल्सची कड आणि दिशेचा बदल एकमेकांच्या फार जवळ येत असण्याचा संशय घ्या. $२=१ करून एक्सची पल्स उलटी करा आणि तीच चाचणी पुन्हा चालवा. टीबी६६०० सारखा बाहेरचा ड्रायव्हर असेल तर ही तपासणी सगळ्यात आधी करा, कारण तिथे पल्सची प्लस-मायनस जोडणी दोन तऱ्हांनी होते आणि दोन्हीत मोटर वरवर व्यवस्थितच फिरते.